अठरा वर्षांखालच्या मुलांची वजन कमी करायची सर्जरी : कोणाला चालते, कागद काय लागतात, पैशाचं काय

दहावीच्या सुट्टीत मुलाचं ऑपरेशन करून घ्यावं का असं विचारणारे आईबाप आता बरेच दिसतात, आणि त्यांना दोनच टोकाची उत्तरं मिळतात, एक म्हणजे लहान मुलांना असलं काही करतच नाहीत आणि दुसरं म्हणजे करून टाका, एका दिवसाचं काम आहे. दोन्ही चूक. सर्जरी चालते पण फार थोड्या मुलांना, आणि त्याआधी जी प्रोसेस असते ती नीट पार पाडली तर बऱ्याच मुलांना तिची गरजच नाही किंवा आत्ता नाही हे कळतं. मी इन्शुरन्स आणि अॅडमिशनच्या कागदांच्या बाजूचं काम बघते त्यामुळे तो भाग जास्त सविस्तर सांगते.

पहिलं म्हणजे थेट सर्जनकडे जाऊ नका. आधी बालरोगतज्ज्ञ, शक्यतो मुलांचे हार्मोनवाले डॉक्टर. कारण जाड मूल उंचीला बहुतेक वेळा वयाच्या मानाने बरं असतं, आणि वजन वाढतंय पण उंची थांबलीय असं असेल तर थायरॉइड, कॉर्टिसॉल नाहीतर एखादा जनुकीय आजार शोधावा लागतो. असं औषधाने सुधारणारं कारण सापडलं तर सर्जरीचा विषय तिथेच बाजूला पडतो. म्हणून जुनं लसीकरण कार्ड, शाळेच्या तपासणीचं कार्ड, जिथे जिथे वजन उंची लिहिलीय ते सगळं घेऊन जा. डॉक्टरांना आजचा आकडा कमी आणि रेषा कशी चढत गेली ते जास्त बघायचं असतं.

आता पात्रता. मोठ्यांसारखा नुसता बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) मुलांना लावत नाहीत, वय आणि मुलगा की मुलगी हे बघून चार्टवर लावतात. आपल्याकडे इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे ५ ते १८ वयाचे चार्ट वापरतात, त्यात मोठेपणीच्या २३ आणि २७ बीएमआयला जुळणाऱ्या रेषा आहेत, २३ च्या वर जास्त वजन आणि २७ च्या वर लठ्ठ. पण लठ्ठ म्हणजे सर्जरीला पात्र असं अजिबात नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मधे जे निकष दिले त्यात दोन पायऱ्या आहेत. बीएमआय ३५ किंवा त्या वयाच्या ९५ व्या पर्सेंटाइलच्या (त्या वयाच्या शंभरातल्या ९५ मुलांचा बीएमआय ज्या आकड्याच्या खाली असतो तो आकडा) १२० टक्के, यातलं जे कमी ते, आणि सोबत गंभीर आजार असायलाच हवा. किंवा मग ४० नाहीतर १४० टक्के, तिथे आजाराची अट नाही. उदाहरण घ्या, १५ वर्षांचा मुलगा, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ११८ किलो, बीएमआय येतो ४३ च्या थोडा वर, म्हणजे विचार होऊ शकतो. १४ ची मुलगी, १५० सेंटिमीटर आणि ८२ किलो, बीएमआय ३६ च्या आसपास, तिला टाइप २ डायबेटिस नसेल, झोपेत श्वास अडकत नसेल, बीपी वगैरे नॉर्मल असेल तर नाही. आणि ७५ किलोची मुलगी फक्त लग्नात चांगली दिसावी म्हणून कोणी घेऊन आलं तर तिथे कुठल्याही चांगल्या टीमने नाहीच म्हणायला पाहिजे.

कुठले आजार धरतात? टाइप २ डायबेटिस, स्लीप अॅप्निया म्हणजे झोपेत श्वास अडकणं, बीपी, लिव्हरला चरबीमुळे आलेली सूज, डोक्यातलं प्रेशर वाढून नजरेवर परिणाम, पायाची हाडं वाकणं, खुब्याचं हाड सरकणं. घरात दिसणाऱ्या दोन खुणा सांगते. मान काळी पडते आणि आई रोज घासून घासून धुते, तो मळ नसतोच, इन्सुलिन नीट काम करत नाही त्याची खूण असते बऱ्याचदा. दुसरं घोरणं, म्हणजे मधेच एकदम शांतता आणि मग मोठा श्वास घेऊन दचकणं. त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, स्लीप स्टडीची, म्हणजे रात्रभर झोपेच्या तपासणीची, चिठ्ठी पटकन मिळते.

पूर्वी हाडांची वाढ जवळपास पूर्ण झाल्याशिवाय करायचं नाही असं होतं. सर्जनांच्या अमेरिकन संघटनेने २०१८ मधे ती अट काढली, तरी वाढ किती उरलीय ते बघायला मनगटाचा एक्स-रे अजून बरेच डॉक्टर सांगतात, त्यात वाद घालू नका.

मग तपासण्यांची फाइल बनते. एचबीएवनसी (गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड, लिव्हर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी१२, डी व्हिटॅमिन, पोटाची सोनोग्राफी, लागली तर एंडोस्कोपी. आहारतज्ज्ञांकडच्या कमीतकमी काही महिन्यांच्या नोंदी, तारखेसकट. आणि मानसतज्ज्ञांचा रिपोर्ट, जो लोकांना टाळावासा वाटतो पण तोच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चोरून भरभरून खाणं, डिप्रेशन, शाळेत चिडवणं हे सगळं तिथे बाहेर येतं. मुलाला आईबापासमोर नाही तर एकट्याला विचारतात की तुला हे हवंय का. त्याने मान खाली घालून पप्पा म्हणतात म्हणून असं उत्तर दिलं तर तारीख पुढे ढकलावी, मग हॉल बुक झाल्यासारखी सगळी तयारी झाली असली तरी.

कायद्याने १८ च्या आत सही पालकाचीच लागते, लेखी. दोघं आईवडील असतील तर दोघांची घेतात बहुतेक ठिकाणी. घटस्फोट झाला असेल तर कस्टडीच्या ऑर्डरची कॉपी, मामा किंवा आजी सांभाळत असेल तर कोर्टाने पालक नेमल्याचा कागद. बाकी जन्मदाखला, मुलाचं आणि पालकाचं आधार, फोटो, आधीच्या सगळ्या डिस्चार्ज समरी, अॅलर्जी आणि चालू औषधांची यादी. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना ते आधी बघा, अर्धा वेळ त्यातच जातो.

आता पैसा, आणि इथे आईबाप सगळ्यात जास्त फसतात. हेल्थ पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींची यादी असते, त्यात ओबेसिटीचा कोड ०६ शोधा. विमा नियामकाने २०१९ मधे ठरवून दिलेली भाषा आहे, आणि त्यात सर्जरी कव्हर व्हायला वय १८ किंवा जास्त असावं असं स्पष्ट लिहिलंय. शिवाय बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत चारपैकी एक आजार, लठ्ठपणामुळे हृदयाचा स्नायू खराब होणं, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, गंभीर स्लीप अॅप्निया, ताब्यात नसलेला टाइप २ डायबेटिस, तेही साधे उपाय फेल गेल्यावर. म्हणजे डॉक्टरांनी पात्र ठरवलेलं १५ वर्षांचं मूल पॉलिसीत पात्र नसतं. फॅमिली फ्लोटरमधे, म्हणजे पूर्ण घराच्या एकाच पॉलिसीत, नाव आहे, दहा वर्षं प्रीमियम भरलाय, तरी नाही. कंपनीकडून लेखी उत्तर ईमेलवर मागून घ्या, एजंटच्या तोंडी हो वर अॅडमिट होऊ नका. आणि हर्निया किंवा दुसऱ्या नावाने टाकू असं कोणीही सुचवलं तर तिथून उठा, खोटी माहिती पकडली तर पूर्ण घराची पॉलिसी जाऊ शकते.

मुलगा साडेसतरा वर्षांचा असेल तर थांबायचं का हा खरा प्रश्न आहे. टीमला विचारा, सहा महिने थांबलं तर काय बिघडेल. शुगर आणि झोप सांभाळता येत असेल तर थांबणं परवडतं. श्वास अडकतोय, शुगर हाताबाहेर आहे, तर फक्त क्लेमसाठी थांबवू नका.

ऐपत नसेल तर महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलचा रस्ता आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचं एस्टिमेट घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, बिलिंग काउंटरला नाही. अॅडमिट व्हायच्या आधी अर्ज द्या आणि पोच घ्या. ही ठरवून करायची सर्जरी आहे, त्यामुळे खाट आणि मंजुरी दोन्हीसाठी वेळ लागेल हे धरून चाला.

सही करायच्या आधी फायदा तोटा दोन्ही ऐका. सगळ्यात जास्त होते ती स्लीव्ह, त्यात जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग कापून काढतात, तो परत येत नाही. अमेरिकेतल्या टीन-लॅब्स या अभ्यासात बायपास (हृदयाचं नाही, पोटाचं, जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात) झालेल्या मुलांचं ५ वर्षांनी वजन सरासरी २६ टक्के कमी होतं आणि ८६ टक्के डायबेटिसवाल्यांचा डायबेटिस गेलेला होता, मोठ्यांत तोच आकडा ५३. हे खरंच मोठं आहे. पण त्याच मुलांपैकी ४८ टक्क्यांचं फेरिटिन कमी होतं, आणि १० वर्षांनी स्लीव्ह बायपास दोन्ही धरून डायबेटिस गेलेले ५५ टक्के उरले होते. म्हणजे व्हिटॅमिन-लोहाच्या गोळ्या आयुष्यभर, रक्ततपासणी दरवर्षी. सतत उलट्या झाल्या तर बी१ व्हिटॅमिन कमी होऊन नसांवर परिणाम होतो, ते दुखणं घरी काढायचं नसतं. मुलींना पुढे दीड वर्ष गर्भधारणा टाळायला सांगतात, हे १६-१७ च्या मुलीशी मोकळेपणाने बोलावं लागतं, आईने किंवा डॉक्टरने. हॉस्टेलला जाणार असेल तर गोळ्या कोण बघणार आणि मेसमधे प्रोटीन कुठून मिळणार हे अॅडमिशनच्या आधी ठरवा. डिस्चार्जला पुढच्या वर्षभराच्या फॉलोअपच्या तारखा लेखी मागा आणि इमर्जन्सीचा नंबर मुलाच्या स्वतःच्या फोनमधे सेव्ह करून द्या.