चादर पांघरलेला खुनी

सोलापुरात चादर म्हणजे पांघरायची, नाहीतर पाहुणा निघाला की त्याच्या पिशवीत घालायची वस्तू. त्यामुळे जॉन कारपेंटरच्या 'हॅलोविन' या भयपटातला (1978) तो प्रसंग आम्हाला आधी हसवतो. दारात कुणीतरी डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर ओढून उभा, वर चष्मा चढवलेला. खोलीतल्या मुलीला वाटतं, मित्र चेष्टा करतोय. ती बोलत राहते, तो बोलत नाही. मग आपलंही हसू विरतं. या भीतीचा खर्च एक चादर आणि एक चष्मा!

हल्लीचा स्लॅशरपट, म्हणजे एक खुनी एकेकाला गाठून मारत सुटतो तो सिनेमा, बघून बाहेर पडलं की रक्त आठवतं, भीती आठवत नाही. हे एका रात्रीत झालेलं नाही.

1960 साली हिचकॉकने 'सायको' कृष्णधवल काढला, तोही बराचसा आपल्या टीव्ही मालिकेच्या मंडळींना घेऊन. जिला आपण नायिका समजतो ती निम्म्याच्या आतच मारली जाते. सिनेमा सुरू झाल्यावर कुणाला आत सोडायचं नाही, अशी थिएटरांना ताकीद होती. (आपल्याकडे पाट्या संपेपर्यंत चहा संपत नाही.) 1974 मध्ये 'ब्लॅक ख्रिसमस' आणि 'द टेक्सास चेन सॉ मॅसकर' आले. दुसऱ्याचं नाव भयंकर, पण पडद्यावर रक्त आपल्याला आठवतं त्याहून बरंच कमी.

'हॅलोविन' तर सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास उरकला. मुखवटा दुकानातला, 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा, दोन डॉलरच्याही आतला. त्याला पांढरा रंग फासला. गोष्ट ऑक्टोबरची आणि शूटिंग वसंतात, म्हणून रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला पुन्हा पसरायची. रक्त जवळजवळ नाहीच. खुनी झाडाआड नुसता उभा असतो, आणि तो कधी हलेल याची आपण वाट बघत बसतो.

पैसा मात्र धो धो आला, आणि नक्कल करणाऱ्यांनी नेमकी ती वाट बघणंच गाळलं. 'फ्रायडे द थर्टीन्थ' 1980 चा. 1989 पर्यंत त्याचे आठ भाग निघाले. 1984 च्या चौथ्याचं नाव 'द फायनल चॅप्टर', आणि पाचवा पुढच्याच वर्षी हजर. लोक आता मुडदे मोजायला येऊ लागले. त्यात सेन्सॉरने कात्री चालवली की ना भीती उरे, ना रक्त. म्हणून ऐंशीचं दशक म्हणजे स्लॅशरचा सुवर्णकाळ वगैरे म्हणणाऱ्यांनी त्या दशकातला ढिगाराही एकदा उपसून बघावा.

1996 च्या 'स्क्रीम'ने या सगळ्याची थट्टा केली. त्यातल्या पात्रांनाच स्लॅशरचे नियम पाठ होते. थट्टा फक्कड होती, पण पुढे जो तो सिनेमा प्रेक्षकाकडे बघून डोळा मारू लागला. मग जुनी नावं पुन्हा विकायची लाट आली: 'टेक्सास' 2003, 'हॅलोविन' 2007, 'फ्रायडे' 2009, 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' 2010.

घसरण बघायची तर या शेवटच्या नावाच्या दोन आवृत्त्यांतला एकच शॉट शेजारी ठेवावा. झोपलेल्या मुलीच्या डोक्यावरची भिंत फुगते आणि त्यातून माणूस वाकून बघतो. वेस क्रेव्हनच्या 1984 च्या मूळ चित्रपटात ती भिंत म्हणजे ताणलं जाणारं कापड. मागून एक माणूस तोंड आणि हात दाबतोय, एवढंच. 2010 मध्ये तोच शॉट कॉम्प्युटरवर केला. भिंत रबरासारखी लोंबते, आणि तिच्यामागे कुणी नाही हे लगेच कळतं. मागावर हात बसलेल्या आमच्या गावात तर कुणालाही कळेल.