मागूर माशाचे बंदिस्त प्रजनन: इंजेक्शन नेमके काय करते?

टाकीत उत्तम आहारावर वाढलेल्या मागूर मादीच्या पोटात अंडी पूर्ण भरतात, परंतु बाहेर पडत नाहीत. निसर्गात पावसाचे नवे पाणी उथळ भागात पसरले की माशाचा मेंदू तो बदल ओळखतो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ल्युटिनायझिंग संप्रेरक (अंडी पक्व करून सोडण्याचा संदेश देणारे) एकाएकी मोठ्या प्रमाणात रक्तात उतरते. बंदिस्त पाण्यात हे घडत नाही, म्हणून अंडी परिपक्वतेच्या अखेरच्या पायरीवर अडून राहतात.

१९३०च्या दशकात ब्राझीलमध्ये माशांना पीयूषिकेचा अर्क टोचून ही अडचण प्रथम दूर करण्यात आली. आता बहुधा पीयूषिकेला चालना देणाऱ्या मेंदूतील संप्रेरकाची कृत्रिम प्रतिकृती आणि डोमपेरिडोन हे औषध एकत्र टोचतात. मागूरसारख्या कॅटफिशच्या मेंदूतील डोपामिन हे रसायन पीयूषिकेला अडवून धरत असल्यामुळे नुसती प्रतिकृती पुष्कळदा अपुरी पडते. डोमपेरिडोन तो अडसर काढते. पुढचे गणित तापमानाचे असते. आफ्रिकी मागूर २५ अंश सेल्सिअसला सुमारे ११ तासांत अंडी सोडण्यास तयार होते, ३० अंशांना सुमारे ७ तासांत, आणि ही वेळ चुकली तर पोटातच अतिपक्व झालेली अंडी फलनक्षमता गमावतात.

मादीचे पोट हलके दाबले की अंडी बाहेर येतात. नराचे शुक्रद्रव मात्र तसे येत नाही. त्यामुळे सामान्यतः नराला मारून वृषण काढतात, त्याचे तुकडे करून शुक्रद्रव अंड्यांवर टाकतात आणि मग पाणी घालतात. पाण्याचा स्पर्श झाल्यावर शुक्राणू जेमतेम मिनिटभर धावतात. या पद्धतीतील नराचा बळी मला गौण बाब वाटत नाही, कारण त्याच्याबरोबर प्रजननातला त्याचा वाटाही नाहीसा होतो. आफ्रिकी मागूरच्या नराच्या शुक्राशयातील स्टेरॉइड संयुगे अंडी पिकलेल्या मादीला आकर्षित करतात. मीलनाच्या क्षणी नर मादीच्या डोक्याभोवती इंग्रजी यू अक्षरासारखा वळतो, दोघेही काही क्षण तसेच स्थिर राहतात, आणि मग मादी शेपटी जोराने हलवून चिकट अंडी पाणवनस्पतींवर विखुरते. ही जात पिलांची राखण करत नाही. आशियाई मागूरचा नर मात्र घरट्यातील अंड्यांवर पहारा देतो.

इंजेक्शन दिलेली जोडी एकत्र सोडली तर असे मीलन टाकीतही घडू शकते. त्यातून मिळणाऱ्या पिलांच्या संख्येचा भरवसा कमी असतो, पण नर जगतो. म्हणून थोडीच पिले हवी असतील तेथे हाच मार्ग आधी आजमावावा असे मला वाटते. वृषणाचा काही भागच काढून जखम शिवण्याचे प्रयोगही झाले असून आफ्रिकी मागूरमध्ये ते ऊतक पुन्हा वाढल्याचे आढळले आहे.