हात बसला म्हणजे काम जमलं?

‘ज्याला कमी येतं, त्यालाच आपण हुशार वाटतो’ असं सांगणारा डोंगर-दरीचा आलेख व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरतो, आणि तो दाखवून नर्सिंग शिकणाऱ्या मुलींनाही नावं ठेवली जातात. खाली डनिंग आणि क्रुगर या मानसशास्त्रज्ञांची नावं. त्यांच्या 1999च्या शोधनिबंधात हा आलेख नाहीच. चाचणीत तळाच्या चौथाई गटाचं सरासरी स्थान शंभरात खालून बाराव्या पायरीवर होतं, त्यांनी स्वतःला बासष्टाव्यावर धरलं, एवढंच त्यात आहे. वरच्या गटाने उलट स्वतःला थोडं खालीच धरलं. यातला काही भाग निव्वळ संख्याशास्त्राचा आहे: तळाच्या माणसाचा अंदाज चुकला तर बहुधा वरच्याच बाजूला चुकणार. त्यामुळे त्या आलेखावरून नर्सिंगच्या मुलींना फाजील आत्मविश्वासाच्या ठरवणं अन्यायाचं आहे.

खरी गोम बीपी मोजण्यासारख्या साध्या कामात दिसते. समजा, सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत बीडी वळणाऱ्या एक मावशी आल्या आहेत आणि नर्सिंगची एक विद्यार्थिनी त्यांचं बीपी मोजते आहे. नाडी मिनिटाला 60, म्हणजे सेकंदाला एक ठोका. वरचं खरं बीपी 148. दंडाला गुंडाळलेल्या पट्ट्यातली, म्हणजे कफमधली हवा सेकंदाला 10 मिलिमीटरने सोडली, तर एक ठोका 150वर पडतो. तेव्हा धमनी दाबलेलीच, म्हणून आवाज नाही. पुढचा ठोका पडेपर्यंत काटा 140वर उतरलेला असतो. पहिली ‘टक्’ तिथे ऐकू येते आणि कागदावर 140 लागतं. 148 दोन ठोक्यांच्या मधेच निसटलं. खालचा आकडा याच कारणाने वाढीव लागू शकतो. म्हणून हवा सेकंदाला साधारण 2 मिलिमीटरने सोडायची. मधेच मावशी तेलुगूत घरची हकीकत सांगू लागल्या, तर बोलण्यानेही बीपी चढतं, ते वेगळंच.

आता त्या विद्यार्थिनीच्या जागी उभे राहा. आवाज स्वच्छ ऐकू आला, हात थरथरला नाही, मावशींनी तक्रार केली नाही, मॅडम रागावल्या नाहीत. स्वमूल्यमापनाच्या तक्त्यात ती ‘उत्तम’वर खूण करणार. ती खोटं बोलत नाही. चूक झाल्याची खबर तिच्यापर्यंत पोहोचलेलीच नाही. असं वर्षभर चाललं की हात सफाईदार होतो, चूक मात्र तशीच मुरते. सराव वाढतो तसा विश्वास वाढतो. अचूकपणा वाढायला मात्र प्रत्येक वेळी खरा आकडा समोर यावा लागतो. ‘तिच्या हातालाच गुण आहे’ म्हणतात, त्यात दैवी काही नाही. तिची चूक कुणीतरी वेळेवर दाखवलेली असते.

यावर साधन आहे: एकाच नळीला कानांच्या दोन जोड्या असलेला शिकवण्याचा स्टेथोस्कोप. विद्यार्थिनी आणि ट्यूटर एकच ठोका एकाच क्षणी ऐकतात. सोलापुरातल्या प्रत्येक नर्सिंग कॉलेजने तो स्किल लॅबच्या कपाटात न ठेवता पोस्टिंगला वॉर्डात न्यावा. दोघींनी आपापला आकडा आधी कागदावर लिहावा, मगच ताडून पाहावा. ट्यूटरने आपला आकडा आधी सांगितला, तर मुलीला तोच ऐकू येतो.