लिफ्टचं वजन कुणाच्या डोक्यावर?

जिन्याच्या पोकळीत वरून ओळंबा सोडला की जुन्या घराचं वय कळतं. गिरगावात, खोताच्या वाडीच्या आसपासच्या दोनमजली घरांत वरच्या मजल्याची कड आणि तळमजल्याची कड एका रेषेत सापडली तर नवल. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. इतक्या वर्षांत विटांच्या भिंती किंचित कललेल्या असतात, सागाच्या तुळया मध्ये झोल खातात, आणि घर हे सगळं सांभाळून उभं असतं. अशा घरात लिफ्ट बसवायची म्हटली तर तिला ते चालत नाही. तिचे रूळ, म्हणजे गाइड रेल, खालपासून वरपर्यंत काटेकोर ओळंब्यात हवेत. नाहीतर प्रत्येक फेरीला धक्के बसतात.

घरच्यांची भीती मात्र वेगळीच असते. एवढं वजन घराला झेपेल का?

हिशोब करून बघू. चुन्यात बांधलेली १४ इंची भिंत घ्या, ९ मीटर उंच. एक घनमीटर वीटकाम साधारण १,९०० किलो भरतं, म्हणजे अशा भिंतीचा एक मीटर लांबीचा भाग झाला ६ टनांचा. आता लिफ्टची केबिन, आत तीन माणसं आणि भोवतीची लोखंडी चौकट मिळून २ टन धरा. हे वजन भिंतीच्या जेमतेम फूटभर तुकड्याएवढं आहे! घर रोज त्याच्या कितीतरी पट भार वाहतंय.

तेव्हा वजनाला घाबरू नका, ते कुठे टेकवताय ते बघा. चुना आणि वीट दाब छान सोसतात, ताण अजिबात नाही. रूळ भिंतीला ब्रॅकेट मारून टांगले तर प्रत्येक बोल्ट विटेला बाहेर ओढत राहतो. चुना सुटतो, विटेचा भुगा होतो. त्यात लिफ्टला अचानक ब्रेक लागतो तेव्हा तिचा भार क्षणभर कितीतरी वाढतो. हा ब्रेक शोधणाऱ्या एलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्वतः उंच फळीवर उभं राहून तिचा दोर कापायला लावला. फळी थोडी खाली आली आणि अडकली, कारण दोराचा ताण जाताच दात बाजूच्या खाचांत घुसले होते. आजच्या दोरावरच्या लिफ्टमध्ये वेग मर्यादेबाहेर गेला की पाचरी रुळाला आवळतात. तो सगळा हिसका रुळात उतरतो. रूळ भिंतीवर असतील तर पुढे भिंतीत जातो.

म्हणून जुन्या घरासाठी आपल्याच पायावर उभी राहणारी लोखंडी चौकट घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. भार थेट जमिनीत जातो. घराने तिला मजल्यांच्या पातळीवर फक्त डोलू नये एवढा हात लावायचा, तोही लांबट भोकांतल्या बोल्टांनी. म्हणजे उन्हाने लोखंड मिलिमीटरभर वाढलं किंवा पावसाळ्यात लाकूड फुगलं तरी दोघं एकमेकांना ओढत नाहीत.

खरी नासधूस होते ती खणण्यात आणि कापण्यात. लिफ्टखाली खड्डा लागतो. मोठ्या इमारतीत तो सहज पुरुषभर खोल असतो, घरगुती लिफ्टला काही सेंटिमीटर पुरतात. हा फरक फार मोलाचा. जुन्या भिंतीचा पाया उथळ असेल आणि शेजारी त्याच्याहून खोल खणलं, तर पायाखालच्या मातीचा बाजूचा आधार जातो आणि ती खड्ड्याकडे सरकू लागते. समुद्राजवळ थोडं खणलं की पाणी लागतं. ते पंपाने उपसलं की पाण्याबरोबर बारीक रेतीही निघून येते, आणि ती रेती भिंतीखालची असते. खड्डा उथळ असला तरी आतून पाणीबंद हवाच. गल्लीत पाणी भरायला लागलं की लिफ्ट वर नेऊन उभी करायची आणि मेन स्विच पाडायचा.

कापण्याचं म्हणाल तर, दोन कड्या, म्हणजे मजल्याच्या फळ्यांखालची आडवी लाकडं, मध्येच तोडल्या की त्यांची मोकळी टोकं एका आडव्या कडीवर टेकवावी लागतात, आणि तो भार दोन्ही बाजूंच्या अखंड कड्यांवर जातो. त्यांना शेजारी दुसरी कडी जोडून जाड केल्याशिवाय करवत लावू नये. जिन्याची रिकामी पोकळी किंवा मागची गॅलरी मिळाली तर हा प्रश्नच उरत नाही.

वर ओढणं ही यातली सोपी गोष्ट. ७५ किलोच्या माणसाला ८ मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा ९ वॉटचा बल्ब अकरा मिनिटं जाळण्याएवढी. केबिन आणि माणसं मिळून ५०० किलो, सेकंदाला १५ सेंटिमीटर वेगाने उचलायला घर्षण सोडलं तर एक अश्वशक्ती पुरे. वरच्या मजल्याला जवळजवळ मिनिट लागतं, नातवंडं जिन्याने आधी पोचतात. प्रतिवजन, म्हणजे केबिनला तोलणारं दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन, जोडलं तर जोर आणखी कमी लागतो, पण त्याला जागा हवी. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टमध्ये पिस्टन खालून रेटतो, आणि वीज गेली तर झडप उघडून तेल हळूहळू सोडलं की केबिन स्वतःच्या वजनाने खाली येते. हवेवर चालणारी नळकांड्याची लिफ्टही मिळते. एक मीटर व्यासाच्या नळीत केबिनच्या वरच्या हवेचा दाब चार-पाच टक्क्यांनी उतरवला की साडेतीनशे किलो उचलले जातात. शहाळ्यातलं पाणी स्ट्रॉने वर येतं, तसंच.

परवानग्या दोन बाजूंनी लागतात. लिफ्टसाठी पूर्वी १९३९ चा कायदा होता, आता २०१७ चा आहे. बसवण्याआधी मंजुरी आणि चालवण्याआधी लायसन्स. घर हेरिटेज यादीत असेल तर त्याची श्रेणी बघायची: पहिल्या श्रेणीत आतही हात लावणं कठीण, दुसरी-अ असेल तर आतल्या बदलांना वाव असतो, पण बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींची छाननी होते.

आणि सुताराला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. कापलेल्या कड्या आणि फळ्या भंगारवाल्याला द्यायच्या नाहीत. नंबर घालून माळ्यावर ठेवायच्या. पन्नास वर्षांनी कुणी लिफ्ट काढली, तर तोच साग त्याच जागी परत बसवता येतो.