जावास्क्रिप्ट झाली म्हणून टाइपची हमी जात नाही

एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: स्टॅटिक टाइपची (म्हणजे कोणती किंमत आकडा, कोणती मजकूर हे प्रोग्राम चालण्याआधीच तपासणारी) फंक्शनल (फंक्शनांवर बेतलेली) भाषा जावास्क्रिप्टमध्ये कंपाइल, म्हणजे भाषांतरित, केली की टाइपची सुरक्षितता संपली, कारण जावास्क्रिप्ट स्वतःच डायनॅमिक, म्हणजे टाइप प्रोग्राम चालतानाच पाहणारी. हे चूक आहे, आणि यापायी चांगल्या भाषा नाकारल्या जातात याचं मला वाईट वाटतं.

ओकॅमल ही अशीच एक भाषा घ्या. 'लेट दुप्पट एन = एन * 2' एवढंच लिहा. टाइप कुठेही लिहिलेला नाही. तरी गुणाकार पाहून कंपायलर ओळखतो की पूर्णांक आत, पूर्णांक बाहेर. मग 'दुप्पट "आंबा"' लिहिलंत तर तो तिथेच अडवतो. जावास्क्रिप्ट अजून तयारच झालेली नसते! तपासणी आधी, भाषांतर नंतर. जेएस-ऑफ-ओकॅमल हे साधन तर ओकॅमलचा बाइटकोड (कंपायलरने बनवलेला मधला कोड) घेऊन जावास्क्रिप्ट बनवतं, आणि त्या बाइटकोडमध्येही टाइप उरलेले नसतात. प्रोसेसरसाठीच्या मशीन कोडमध्ये तरी कुठे असतात?

लक्ष्य, म्हणजे ज्यात भाषांतर करायचं ते, बदलल्याने फरक पडतो, पण वेगळ्या जागी. 64 बिटच्या यंत्रावर ओकॅमलचा पूर्णांक 63 बिटचा. जेएस-ऑफ-ओकॅमलमध्ये तोच 32 बिटचा. मोठे आकडे हाताळणाऱ्याने हे ध्यानात ठेवायलाच हवं.

खरी फट सीमेवर असते. बाहेरचं जावास्क्रिप्ट फंक्शन जोडताना त्याचा टाइप आपण सांगतो आणि कंपायलर त्यावर विश्वास ठेवतो. चुकीचा सांगितला तर फटका बसतो. सी भाषेतलं फंक्शन जोडतानाही अगदी हेच होतं.