जर्राह, झियाद
जर्राह, झियाद : (११ मे १९७५ – ११ सप्टेंबर २००१). अमेरिकेतील ‘नाइन-इलेव्हन’ हल्ल्यात अपहृत ‘युनायटेड ९३’ या विमानाचे सारथ्य करणारा लेबनीज दहशतवादी. त्या दिवशीच्या चार अपहरणकर्त्या वैमानिकांत याचाच प्रवास सर्वांत वळणावळणाचा. ऐन वेळी तो मागे फिरेल, अशी धास्ती त्याच्या साथीदारांनाच होती.

त्याचा जन्म लेबननमधल्या सुखवस्तू सुन्नी कुटुंबात झाला. घरात धर्माचा बाऊ नव्हता. मुलाला बैरूतच्या ख्रिस्ती खासगी शाळांत घातले होते. एप्रिल १९९६ मध्ये तो शिकायला जर्मनीतील ग्राइफ्सवाल्डला गेला. तिथे बिअर, पार्ट्या आणि तुर्की वंशाची एक विद्यार्थिनी मैत्रीण, असे चारचौघांसारखेच दिवस चालले होते. वर्षअखेरीस सुट्टीहून परतल्यावर तो बदलू लागला आणि मैत्रिणीच्या कपड्यांवरून, वागण्यावरून तिला बोल लावू लागला. १९९७ मध्ये विमान अभियांत्रिकीसाठी तो हॅम्बुर्गला आला. तिथे पुढे याच कटात सामील झालेल्या तिघांच्या, म्हणजे हल्लेखोरांचा म्होरक्या मोहम्मद अत्ता, मरवान अल-शेही आणि रम्झी बिन अल-शिब यांच्या कंपूत मिसळला.

रशियातील चेचन्यात रशियन फौजांशी लढायचे म्हणून १९९९ च्या शेवटी निघालेले हे चौघे पोहोचले अफगाणिस्तानात. तिथे त्यांनी ओसामा बिन लादेनशी निष्ठेची शपथ घेतली. १८ जानेवारी २००० ची एक चित्रफीत पुढे २००६ मध्ये उघडकीस आली. तीत जर्राह आणि अत्ता मृत्युपत्र वाचण्याच्या तयारीत आहेत आणि मधूनच हसताहेत. परतीच्या वाटेवर ३० जानेवारीला दुबई विमानतळावर त्याला अडवले गेले. सामानातली धार्मिक पुस्तके आणि ध्वनिफिती पाहून चौकशी झाली, मग सोडून दिले. हॅम्बुर्गला येताच त्याने पासपोर्ट हरवल्याचे सांगून नवा काढला. जुन्यावरचे, अफगाणिस्तानच्या वाटेवर उमटलेले पाकिस्तानचे शिक्के त्याला नको होते, हे उघड आहे.

२७ जून २००० रोजी तो अमेरिकेत उतरला आणि लगोलग फ्लोरिडातील व्हेनिस येथे विमानचालन शिकू लागला. व्हिसा पर्यटकाचा, शिक्षण पूर्णवेळ; हा नियमभंग कोणाच्या लक्षात आला नाही. इतर साथीदारांनी घरच्यांशी नाते तोडले होते. हा मात्र मैत्रिणीला शेकडो फोन करी, वारंवार देशाबाहेर जाई, आजारी वडिलांना भेटायला बैरूतलाही जाऊन आला. तीही एकदा फ्लोरिडाला आली होती.

अत्ताशी त्याचे पटेनासे झाले. २५ जुलै २००१ रोजी तो ड्युसेलडॉर्फचे एकेरी तिकीट काढून निघाला, तेव्हा अत्ताने स्वतः त्याला मायामी विमानतळावर सोडले. तो परत येणार नाही, अशीच चिन्हे होती. या बेबनावाबद्दल कटाचा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद आणि बिन अल-शिब फोनवर बोलत ते ‘घटस्फोट’ या सांकेतिक शब्दात, घटस्फोट झाला तर खर्च फार येईल, असे. जर्मनीत बिन अल-शिबने त्याची समजूत काढली. ५ ऑगस्टला तो परतला.

९ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर मेरीलँडमधील महामार्गावर पोलिसांनी त्याला वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल थांबवले. ताशी ६५ मैलांच्या पट्ट्यात तो ९० मैलांनी चालला होता. २७० डॉलरांचा दंड लावून त्याला जाऊ दिले. ती पावती नंतर न्यूअर्क विमानतळावर उभ्या असलेल्या गाडीत सापडली. दोन दिवसांनी त्याच विमानतळावरून उडालेले विमान, प्रवासी चालककक्षावर चाल करून गेल्यामुळे, सकाळी १०.०३ वाजता पेन्सिल्वेनियातील शँक्सव्हिलजवळच्या मोकळ्या रानात कोसळले. प्रवासी आणि कर्मचारी मिळून चाळीस जणांचा बळी गेला.

त्या सकाळी त्याने मैत्रिणीला फोन केला होता. आदल्या दिवशी लिहिलेले निरोपाचे पत्र मात्र तिला मिळाले नाही. पत्ता चुकल्याने ते अमेरिकेत परत आले आणि एफबीआयच्या हाती लागले.