बहुमितीय व जॅग्ड अ‍ॅरे

बहुमितीय व जॅग्ड अ‍ॅरे : एकाहून अधिक निर्देशांकांनी गाठायची माहिती संगणकाच्या स्मृतीत मांडण्याच्या दोन पद्धती. अ‍ॅरे म्हणजे क्रमांकाने गाठता येणाऱ्या घरांची मांडणी. बहुमितीय अ‍ॅरेत सर्व ओळी सारख्या लांबीच्या व सलग असतात. जॅग्ड अ‍ॅरेत मुख्य अ‍ॅरेच्या घरांत ओळींचे केवळ संदर्भ (स्मृतीतील पत्ते) असतात; ओळींची लांबी वेगवेगळी असू शकते. लीप नसलेल्या वर्षाचे रोजचे पर्जन्यमान १२ × ३१ घरांत ठेवले, तर ३७२ पैकी ७ घरे रिकामी राहतात. ती वाचवण्यासाठी जॅग्ड अ‍ॅरे योजल्यास १२ संदर्भांची भर पडते, म्हणजे बचत होतच नाही. १००० ओळींच्या त्रिकोणी सारणीत मात्र १०,००,००० ऐवजी ५,००,५०० घरे पुरतात.

सलग मांडणीत पत्ता गणिताने मिळतो. मोजणी शून्यापासून धरल्यास पत्ता = आरंभ + (ओळ × स्तंभसंख्या + स्तंभ) × घराचा आकार. हे सूत्र ओळवार, म्हणजे ओळीमागून ओळ साठवणाऱ्या, मांडणीचे (उदा., सी ही संगणकभाषा). फोरट्रान या भाषेत मांडणी स्तंभवार असते. आयबीएम ७०४ यंत्रावरील मूळ फोरट्रानमध्ये (१९५७) अ‍ॅरेला जास्तीत जास्त तीनच मिती असत. यंत्रात तीन इंडेक्स रजिस्टर (पत्ता काढताना लागणारी संख्या ठेवण्याच्या जागा) होते, हे त्याचे कारण सामान्यतः सांगितले जाते व ते संभवनीय वाटते. स्तंभवार क्रमाचा उलगडा मात्र त्याने होत नाही. त्याच फोरट्रानमध्ये अ‍ॅरे स्मृतीत उलट्या क्रमाने साठवण्याचे कारण अधिक स्पष्ट आहे : ७०४ मध्ये रजिस्टरमधील संख्या पत्त्यातून वजा होई.

संदर्भांच्या मांडणीला ‘इलिफ व्हेक्टर’ म्हणतात. जॉन इलिफ यांनी १९६० च्या सुमारास ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठाच्या संगणकासाठी ती वापरली. जेन जोडेट यांच्यासह लिहिलेला त्यांचा लेख १९६२ चा आहे.

केवळ लेखनावरून प्रकार ओळखू नये. दुहेरी चौकटी कंसांनी घोषित केलेला अ‍ॅरे सीमध्ये सलग असतो, जावामध्ये संदर्भांचा. सी-शार्पने दोन्हींना वेगळी चिन्हे दिली, हे स्वच्छ वाटते : स्वल्पविरामाचा एक कंस बहुमितीयासाठी, दोन कंस जॅग्डसाठी. तेथे जॅग्ड अ‍ॅरे पुष्कळदा अधिक वेगवान ठरतो, कारण डॉटनेटमध्ये (सी-शार्पचे कार्यक्रम ज्यावर चालतात ती प्रणाली) शून्यापासून सुरू होणाऱ्या एकमितीय अ‍ॅरेसाठी खास आज्ञा आहेत, तर बहुमितीय अ‍ॅरेचे घर पद्धती-आवाहनाने (मेथड कॉल) गाठावे लागते. पायथन भाषेतील नमपाय या अ‍ॅरे-संग्रहाने (लायब्ररी) आवृत्ती १.२४ पासून असमान ओळींच्या यादीतून आपोआप अ‍ॅरे बनवणे बंद केले.